दुसरं नाणं तुमच्याच पिशवीत होतं

तुम्ही चुकला होतात. मल्लाप्पांच्या त्या दोन रुपयांच्या नाण्याबद्दल चार वर्षांपूर्वी तुम्ही जे चारचौघांत बोललात, ते चूक होतं. मल्लाप्पांचं बरोबर होतं. तुम्ही असतात तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणाला असतात, मग मी भांडले असते, आणि संध्याकाळपर्यंत ते मिटलं असतं. आता मला एकटीलाच बोलायचं आहे, म्हणून सरळ पहिल्यापासून सांगते.

तेरावा झाला, पाव्हणे गेले. शुभांगी हातकणंगल्याहून दर दोन दिवसांनी येत होती. ती म्हणाली, "आई, गिरणीची खोली रिकामी करून टाकूया. तुझ्याच्यानं आता दळण होणार हाय काय?" लेकीचं खरं होतं. पट्टा लावायला मला दोन हात पुरत नाहीत आणि मिरची दळताना उठणाऱ्या खाटानं मला दम लागतो. पण खोली रिकामी करायची म्हणजे तुमचा फडताळातला संसार आधी बाहेर काढायला हवा होता. अल्बम, वह्या, भिंग, आणि खालच्या कप्प्यातल्या त्या सात मांजरपाटाच्या पिशव्या. प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात "जास्तीची".

मंगळवार पेठेत तुम्हाला सगळेजण "गिरणीवाले केरबाअण्णा" म्हणूनच ओळखत. रविवारी जमणाऱ्या नाणेवाल्या मंडळींत डॉक्टर होते, वकील होते, दोघं सराफ होते. त्यांच्याकडे तांब्याच्या जुन्या शिवराया होत्या, संस्थानांची चांदी होती. तुमच्याकडे गिरणीत आलेली रोजची नाणी, तेवढीच. एका हातानं दळण पिशवीत उतरवायचं आणि दुसऱ्या हातात आलेलं नाणं उलटंसुलटं करून बघायचं, अशी तुमची चाळीस वर्षं गेली. पण स्वातंत्र्यानंतरच्या नाण्याबद्दल काही अडलं की डॉक्टरही तुमच्याचकडे बघायचे. भुवयांवर पीठ घेऊन तुम्ही सभेत बसायचात आणि तुमचा शब्द शेवटचा असायचा. मला त्याचा अभिमान होता. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले ते रविवार वाया जातो म्हणून.

तुमची पद्धत मला पाठ होती. आधी साल बघायचं, मग सालाजवळची टाकसाळीची खूण. हिऱ्याची असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद. त्या सालाचं, त्या टाकसाळीचं एक चांगलं नाणं अल्बमात गेलं की बाकीची "जास्तीची". पुन्हा त्यांच्याकडे बघायचं नाही. (तुम्ही "टांकसाळ" लिहायचात, अनुस्वार देऊन. तो अनुस्वार आता देत नाहीत, असं मी वीस वर्षं सांगत होते. "आमच्या मास्तरांनी असंच शिकवलंय" म्हणून तुम्ही शेवटच्या वहीपर्यंत तो सोडला नाहीत.)

मी बघत होते अक्षरं. दुसरं मला येतच नव्हतं. प्रेसमध्ये एकतीस वर्षं प्रुफं वाचली, लग्नपत्रिकांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत. घरात मी कोल्हापूरच्या बायकांसारखी "आलो, गेलो" म्हणते आणि कागदावर "आले, गेले" लिहिते, हेही तिथलंच वळण. कुठलाही छापील मजकूर समोर आला की आधी काना-मात्रा दिसतात, अर्थ मागाहून.

चार वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मल्लाप्पा नेसरीहून सकाळच्या गाडीनं आले होते. किराणा दुकान गड्यावर सोडून महिन्यातून एकदा ते यायचे. आपल्याकडे जेवायचे आणि मग तुम्ही दोघं सभेला जायचात. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन रुपयांचं ते जुनं, अकरा कडांचं नाणं होतं, नकाशा असलेलं.

"केरबा, हे बघ. राष्ट्रीय एकात्मता लिवलंय तिथं बघ. अक्षर दोनदा उठलंय. ठशातच हाय ते."

तुम्ही भिंग लावलंत. "झिजलंय लेका हे. छापताना ठसा ढिला असला की अक्षर घसटतं. मशीनचा धक्का हाय ह्यो."

"धक्क्यानं अक्षर चपटं होतंय. हे जाड झालंय."

"झिजलेल्या नाण्यात काय जाड नि काय बारीक."

मी भाकरी वाढायला आले होते. ताट ठेवून मी भिंगातून पाहिलं. 'त्मता'च्या कान्याचं खालचं टोक फाटून दोन झालं होतं. आत जाता जाता मी म्हटलं, "मला तर दोन दिसाय लागलंय."

"तुझं प्रूफ न्हवं ते," तुम्ही म्हणालात. मी परत भाकरीकडे वळले. तवा तापला होता, एवढंच कारण मी मग स्वतःला देत राहिले.

सभेत काय झालं ते तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, सदरा काढता काढता, गंमत म्हणून. मल्लाप्पांनी नाणं सगळ्यांसमोर ठेवलं. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघितलं. आणि तुम्ही म्हणालात, "ह्याचा चहा पी जा, मल्लाप्पा. आणि ठशातलंच असंल तर असलंच दुसरं आण. मग बोलू." सगळे हसले. मल्लाप्पांनी पुडी बांधली, खिशात घातली आणि ते परस्पर स्टँडवर गेले. त्यानंतर ते आले नाहीत.

मी म्हटलं, "एवढ्या माणसांत असं बोलाय नको हुतं."

"हाय ते सांगितलं. खोटं सांगू काय?"

त्या चार वर्षांत हे भांडण आपण किती वेळा केलं. फोन करा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "तो उठून गेला, मी न्हाय." मग तुमचं आजारपण आलं आणि मी हा विषय काढायचं सोडून दिलं.

आता पिशव्यांकडे येते. शुभांगी म्हणाली की जास्तीची नाणी देवळात टाकूया. मी म्हटलं, एकदा नजरेखालून घालते. रोज सकाळी देवपूजा झाली की गिरणीच्या कट्ट्यावर चटई टाकायची, तुमचं भिंग घ्यायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत बघत बसायचं. साल मी बघितलंच नाही. प्रूफ वाचतात तशी नाणी वाचली.

चौथ्या दिवशी, तिसऱ्या पिशवीत ते सापडलं. दोन रुपये, नकाशाचं. ह्याला हात फारसे लागले नसावेत, कडा करकरीत होत्या. डावीकडच्या अक्षरांची शिरोरेघ दुहेरी, त्यांचे काने जाड आणि टोकाला दुभंगलेले, आणि उजवीकडे जाईल तसं ते कमी होत गेलेलं. मला आधी वाटलं डोळा फसवतोय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावा अजून व्हायचाय. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघितलं. शुभांगीला दाखवलं.

"आई, अक्षरावर अक्षर आल्यागत दिसतंय. चूक हाय काय ही?"

"चूक हाय. पण कुणाची ते बघाय पायजे."

प्रेसमध्ये हा हिशोब रोजचा होता. कागद सरकून एखाद्या प्रतीत अक्षर दोनदा उमटलं तर ती मशीनवरच्या माणसाची चूक. ती त्या प्रतीपुरती. पण ब्लॉकच तसा कोरला गेला असेल तर त्या ब्लॉकनं छापलेल्या प्रत्येक प्रतीत ती चूक तशीच, त्याच जागी दिसते. नाण्याचंही तेच. ठसा पोलादाचा असतो. तो तयार करतानाच अक्षरं जराशी सरकून दोनदा दाबली गेली, तर त्या ठशातून निघालेलं प्रत्येक नाणं दुहेरी. एकच नाणं हातात असेल तर कुणीही धक्का म्हणेल. तुम्ही "असलंच दुसरं आण" म्हणालात ते नाणेवाला म्हणून अगदी बरोबर होतं. फक्त ते दुसरं तुमच्याच पिशवीत होतं, आणि ते किती वर्षं तिथं होतं ते देवाला ठाऊक. वर तुमची ती सुतळीची दुहेरी गाठ होती, जी सोडवायला मला दाभण घ्यावं लागलं.

मला तुमचा राग आला. कट्ट्यावर बसूनच आला. मग तुमच्या नेहमीच्या जागी पोत्यावर बसून तुम्ही डोकं टेकायचात तिथं भिंतीला पडलेला तेलकट डाग दिसला आणि राग पुरा येईना.

सातही पिशव्या संपवायला अकरा दिवस लागले. अशी आणखी तीन निघाली, एक रुपयाची दोन आणि पाचाचं एक. सुरुवातीला मला जी दुहेरी वाटली होती त्यांतली बहुतेक मी नंतर बाद केली, कारण त्यांत अक्षर चपटं होऊन बाजूला पायरीसारखं सांडलं होतं. तो खरोखर मशीनचा धक्का. तुम्ही म्हणायचात तसा धक्का असतो, आणि पुष्कळ असतो. तुमचं तेवढं बरोबर धरते.

शुभांगी म्हणाली, "फोन कर की मल्लाप्पाकाकांना. उन्हातनं कुठं जातीस?" मी म्हटलं फोनवर नाणं दिसत नाही. खरं कारण निराळं होतं. तुमच्या रक्षाविसर्जनाला ते आले होते. लांब, नळापाशी उभे होते, मला नुसता नमस्कार केला आणि घरी न येता परत गेले. त्या माणसाला फोनवर काय सांगायचं?

गडहिंग्लजला गाडी बदलून नेसरीला पोचेपर्यंत बारा वाजले. दुकानात मल्लाप्पा खुर्चीवर बसले होते, एक पाय समोरच्या डब्यावर ठेवून. गुडघा पार गेलाय त्यांचा. मला बघून उठायला लागले.

"बसा बसा. मी आलो हाय तुमास्नी कायतरी दाखवायला."

"अक्का, एकट्या आलासा? पाणी घ्या आधी." त्यांनी आतून पाणी मागवलं. मग तुमच्याबद्दल काही बोलायला लागले आणि मध्येच गिऱ्हाइकाकडे वळले. दुकानात एक बाई तूरडाळ मागत होती, तिला डाळ दिली. मग परत बसले.

मी विचारलं, "ते दोन रुपयांचं हाय का तुमच्याकडं? का खर्चलं?"

ते खुर्चीचा हात धरून उठले. मग लंगडत आत गेले. त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं आता येऊन सांगतील की त्याच दिवशी दिलं टाकून, आणि मग माझ्याकडचं एकटं नाणं घेऊन मी परतीच्या गाडीत काय करत बसू? पण ते बाहेर आले तेव्हा हातात तीच कागदाची पुडी होती.

काउंटरवर वर्तमानपत्र पसरून दोन्ही नाणी शेजारी ठेवली. आधी त्यांनी भिंगातून बघितलं, मग मी, मग परत त्यांनी. कान्याचं टोक दोन्हींत सारखंच फाटलेलं. शिरोरेघ सारखीच दुहेरी. त्यांचं झिजलं होतं, तुमचं करकरीत होतं, एवढाच फरक. नकाशातल्या झेंड्याच्या काठीजवळ एक बारीक ठिपका उठला होता, मोहरीच्या टोकाएवढा, ठशातल्या खड्ड्याचा. तो मला तुमच्या नाण्यावर दिसला होता पण त्याचं काय करायचं ते कळलं नव्हतं. मल्लाप्पांच्या नाण्यावर तो त्याच जागी होता.

"एका ठशाची हाईत ही," मल्लाप्पा म्हणाले.

"व्हय."

"कुठं गावलं?"

"त्यांच्याच पिशवीत. जास्तीचं म्हणून टाकलेलं."

मला वाटलं होतं ते हसतील, किंवा तुमच्याबद्दल एखादा शब्द तरी बोलतील. मी तयारी करून गेले होते. त्यांनी भिंग पुसून खाली ठेवलं आणि म्हणाले, "त्याला दाखवाय पायजे हुतं हे. लई खूश झाला असता."

"चुकलो म्हणून खूश?"

"चुकलो म्हणून न्हवं, अक्का. असलं काय बघितलं की तो बाकी सगळं इसरायचा. माझ्यासंगट भांडान हाय हे बी इसरला असता."

अहो, हे मला सुचलं नव्हतं. चार वर्षं मी तुमचा हट्ट मोजत बसले आणि हे त्यांना ठाऊक होतं.

मग मी माझं सांगितलं. म्हटलं, "मला त्या दिवशी दिसलं हुतं, भाकरी वाढताना. मी जोर करून बोलाय पायजे हुतं."

"तुमी बोललासा की. मी ऐकलंतं. म्हणून तर ठेवलं हे. न्हायतर केरबा म्हणला म्हटल्यावर मी खरंच चहा पिलो असतो."

त्यांच्या घरी जेवले. त्यांची मंडळी वारून बरीच वर्षं झाली, सून चांगली आहे. जेवताना मल्लाप्पांनी मध्येच हात थांबवला.

"फोन आलता त्याचा."

"कुणाचा?"

"केरबाचा. श्रावणात. तुमी सांगितलासा म्हणून केला आसंल असं मला वाटलं."

मी सांगितलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं. श्रावणात तुम्ही दवाखान्यातून घरी आला होतात आणि दुपारभर गिरणीच्या कट्ट्यावर बसायचात. एक दिवस बराच वेळ कुणाशी तरी बोलत होतात. मी विचारलं तर म्हणालात, "चक्कीच्या दगडाचं इचारत हुतो." आता आठवतं की दगड तर नवे होते.

"काय म्हणाले?"

"गुडघ्याचं इचारलं. भात कसा हाय इचारलं. नातवाच्या शाळंचं इचारलं. मी मनात म्हणतोय, आता काढंल नाण्याचं, आता काढंल. न्हाय काढलं. मी बी न्हाय काढलं. शेवटाला म्हणला, 'ये की एकदा.' म्हटलो येतो." मल्लाप्पांनी भात कालवला. "न्हाय आलो. गुडघा दुखत हुता, खरं तेवढ्यानं आडलं नव्हतं."

सून पाणी घेऊन आली, आणि आम्ही दुसरं बोललो.

गेल्या रविवारी मी सभेला गेले. तुमच्या हयातीत एकदाही आले नाही, हेही तुम्हाला लागलं असेल, आता विचारता येत नाही. मल्लाप्पा नेसरीहून आले होते. मी दारातून त्यांच्याबरोबर आत शिरले तेव्हा बोलणं थांबलं. डॉक्टरांनी खुर्ची दिली. मी बसले नाही, कारण बसले असते तर बोलवलं नसतं. दोन्ही नाणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "चार वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर आमच्या ह्यांनी मल्लाप्पांच्या नाण्याला मशीनचा धक्का म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. हे ठशातलं आहे. दुसरं नाणं आमच्याच घरी निघालं. तेव्हा हसलात तसं आता नीट बघून घ्या."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. पण बोलून गेले, आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

भिंग हातोहात फिरलं. वकिलांनी ठिपका आधी शोधला. मोठ्या सराफांनी मल्लाप्पांना शेजारी बोलावून खुर्ची पुढे ओढली, आणि मल्लाप्पा कान्याचं टोक कसं बघायचं ते त्यांना दाखवू लागले. घसा खाकरून, थोडं थांबून, अगदी तुम्ही समजावून सांगायचात तसं. मला तिथं तुमची फार आठवण आली. एवढ्या दिवसांत रडू आलं नव्हतं असं नाही, पण माणसांत पहिल्यांदाच आलं. पदर होता.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "वहिनी, अण्णांना हे कळलं होतं का शेवटी?"

हो म्हणता आलं असतं. कळलं होतं, आजारपणामुळे सांगायचं राहून गेलं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं आणि तुमचा मानही राहिला असता. पण पिशवीची गाठ मी स्वतः सोडवली होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून पोट भरलं, घरची चूक कशी झाकू? म्हटलं, "नाही. त्यांना कळलं नाही. शेवटपर्यंत ते आपलंच बरोबर समजत होते."

हे बोलताना मला समजलं की श्रावणात तुम्ही फोन लावलात तेव्हाही तुम्ही आपलंच बरोबर समजत होतात. माझ्या सांगण्यावरून तो केला नव्हतात, आणि चुकीची कबुली द्यायलाही नाही. आपण बरोबर आहोत, मल्लाप्पा उठून गेलाय, हे सगळं मनात तसंच ठेवून तुम्ही त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलीत. आणि मला दगडाचं खोटं सांगितलंत.

टेबलापलीकडून मल्लाप्पा माझ्याकडे बघत होते. फोनचं मी सभेत काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.